खार, बगळा आणि उंचीचा जमाखर्च

‘उडती खार आणि राखी बगळा यांची तुलना करा’ असा प्रश्न जीवशास्त्राच्या पेपरात आला, तर तुम्ही बहुधा कागदाच्या मध्यावर एक उभी रेघ ओढाल. डावीकडे लिहाल: सस्तन प्राणी, अंगावर केस, पिलांना दूध पाजते, रात्री हिंडते, झाडाच्या ढोलीत राहते. उजवीकडे लिहाल: पक्षी, अंगावर पिसे, अंडी घालतो, पाणथळीत उभा राहून मासे पकडतो. उत्तर बरोबर आहे आणि त्याला गुणही मिळतील.

मी मात्र भौतिकी शिकवतो. त्यामुळे रेघ ओढण्यापूर्वी या दोघांना तराजूत घालावे, असे मला वाटते; आणि तेथेच एक गंमत दिसते. आपल्याकडील मोठी उडती खार (शास्त्रीय नाव पेटाउरिस्टा फिलिपेन्सिस) साधारण दीड-पावणेदोन किलो भरते. राखी बगळा (आर्डिया सिनेरिया) एक ते दोन किलोंचा असतो. म्हणजे एका पारड्यात खार आणि दुसऱ्यात बगळा ठेवला, तर तराजूची दांडी जवळजवळ आडवी राहील! दोघांनाही गुरुत्वाकर्षण सारख्याच जोराने खाली ओढते, दोघेही त्याच हवेतून जातात. मग बगळा उजनीच्या जलाशयावरून कित्येक किलोमीटर सहज जातो आणि खार मात्र एका झाडावरून निघून पन्नास-साठ मीटरवरच्या दुसऱ्या झाडाच्या बुंध्याशी येऊन थांबते, असे का?

‘बगळ्याला पंख आहेत, खारीला नाहीत’ हे उत्तर पुरेसे नाही. खारीजवळही हवेवर टेकायला चांगला ऐसपैस पृष्ठभाग आहे.

थोडी ओळख करून घेऊ. उडती खार म्हणजे शेकरू नव्हे. या दोघांत नेहमी गोंधळ होतो. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तो दिवसा वावरतो आणि फांदीवरून फांदीवर उड्या मारतो. उडती खार सह्याद्रीच्या आणि मेळघाटच्या जंगलांत असली, तरी दिवसभर ढोलीत झोपते आणि अंधार पडल्यावर बाहेर निघते, म्हणून ती फार थोड्यांच्या दृष्टीस पडते. शेपटीच्या टोकापर्यंत मोजली तर ती जवळजवळ एक मीटर लांब भरते. तिच्या पुढच्या पायाच्या मनगटापासून मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत, दोन्ही बाजूंना, केसाळ कातडीचा पडदा असतो. बसलेली असताना तो अंगालगत गोळा होऊन जातो. झेप घेताना चारही पाय फाकले की ती एखाद्या ताणलेल्या चौकोनी रुमालासारखी दिसते. मनगटाजवळ कूर्चेची एक लांब काडी असते. ती बाहेर काढून खार पडद्याची रुंदी आणखी वाढवते. छत्रीच्या काडीचे काम येथे ही कूर्चा करते.

बगळ्याचे वर्णन करण्याची गरज नाही. तळ्याकाठी एका पायावर तासन्‌तास उभा राहणारा तो तपस्वी तुम्ही पाहिला असेल. उडताना मान इंग्रजी एस अक्षरासारखी दुमडलेली आणि लांब पाय मागे सरळ सोडलेले असतात. करकोचे व क्रौंच मान पुढे ताणून उडतात. तेवढ्यावरून आकाशातला बगळा दुरूनही ओळखता येतो. पण आज आपल्याला त्याच्या पायांपेक्षा पंखांत अधिक रस आहे.

हवेतली घसरगुंडी

खार पंख हलवत नाही, कारण हलवण्याजोगे पंख तिला नाहीतच. ती झाडाच्या शेंड्याकडून उडी घेते आणि तिरप्या रेषेत उतरत जाते. सुरुवातीचा सूर संपून वेग स्थिर झाला, की तिच्यावर तीन बले काम करत असतात. पहिले तिचे वजन, सरळ खाली. दुसरे हवेचे उत्थापक बल, तिच्या मार्गाला काटकोनात. तिसरा हवेचा रोध, मार्गाच्या उलट दिशेने. वेग बदलत नाही, म्हणजे या तिन्हींची बेरीज शून्य आहे.

आता उतरणीवरच्या ठोकळ्याचे गणित आठवा. मार्ग क्षितिजाशी ‘अ’ एवढा कोन करत असेल, तर वजनाचे दोन घटक पडतात. मार्गाच्या दिशेचा घटक रोधाला पुरून उरत नाही आणि कमीही पडत नाही: वजन × साइन अ = रोध. काटकोनातील घटकाला उत्थापक बल तोलून धरते: वजन × कोसाइन अ = उत्थापक बल. एका समीकरणाला दुसऱ्याने भागले की वजन नाहीसे होते आणि उरते: टॅन अ = रोध ÷ उत्थापक बल.

टॅन अ म्हणजे काय? गमावलेली उंची भागिले कापलेले आडवे अंतर. म्हणून हेच समीकरण उलटे करून असे म्हणता येते: एक मीटर उंची गमावली असता किती मीटर अंतर मिळेल, हे उत्थापक बल व रोध यांच्या गुणोत्तरावर ठरते. याला आपण ‘तरंगगुणोत्तर’ म्हणू.

वजन नाहीसे झाले, ही गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. भरपेट जांभळे खाऊन निघालेली खार उपाशी खारीपेक्षा लवकर खाली येईल, असे आपल्याला वाटते. ती लवकर येते हे खरे. पण त्याच तिरप्या रेषेने, अधिक वेगाने येते. त्यामुळे पोहोचते त्याच झाडाशी! (अर्थात तिने पडद्याचा आकार आणि कल तोच ठेवला, तर.)

जपानमधल्या मोठ्या उडत्या खारींच्या झेपा मोजल्या गेल्या आहेत. त्यांचे तरंगगुणोत्तर सरासरी दोनच्या आसपास येते. म्हणजे वीस मीटर खाली उतरायचे आणि चाळीस मीटर पुढे जायचे. उतरणीचा कोन सुमारे २७ अंश. गिधाडासारख्या, पंख पसरून तासन्‌तास तरंगणाऱ्या पक्ष्याचे गुणोत्तर पंधराच्या घरात जाते. बगळा काही गिधाडाइतका तरबेज नाही. आपण हिशेबापुरते त्याचे गुणोत्तर ८ धरू.

चौकोनी रुमाल आणि लांब पट्टी

दोन आणि आठ एवढा फरक येतो कुठून? बराचसा आकारातून. राखी बगळ्याच्या पसरलेल्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत पावणेदोन मीटरपर्यंत असते आणि त्यांचे क्षेत्रफळ एक चौरस मीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त. म्हणजे पंख लांब आणि अरुंद झाले. खारीचा पडदा ढोबळ मानाने अर्धा-पाऊण मीटर रुंद आणि तसाच लांब, जवळजवळ चौकोनी.

पंखाखाली हवेचा दाब जास्त आणि वर कमी असतो, म्हणून तर पंख उचलला जातो. पण पंखाच्या दोन टोकांना काय होते, याचा विचार करा. खालच्या दाबाची हवा टोकाला वळसा घालून वर निसटते. त्यातून दोन्ही टोकांपाशी भोवरे तयार होतात आणि प्राण्याच्या मागे हवेत लांबवर पसरत जातात. हे भोवरे फिरवायला लागणारी ऊर्जा कोण देते? तो प्राणीच. ही ऊर्जा रोधाच्या रूपाने त्याच्याकडून वसूल होते. लांब पंखात टोकांचा वाटा लहान आणि मधला भाग मोठा असतो. चौकोनी पडद्यात सगळेच टोकाजवळ! म्हणून त्याच वजनासाठी खारीला रोध फार मोठा सोसावा लागतो.

मग लांब पट्टीसारखा पडदा खारीला का मिळाला नाही? मला वाटते, हा प्रश्न जंगलात उभे राहून विचारला पाहिजे. पावणेदोन मीटरचे पंख घेऊन रात्रीच्या अंधारात फांद्यांच्या गर्दीतून जाता येणार नाही. शिवाय झाडावर पोहोचल्यावर तेच चारही पाय चढायला मोकळे हवेत. आणि आखूड, रुंद पृष्ठभागाचा एक मोठा फायदा आहे. विमानाच्या लांब पंखाचा पुढचा काठ पंधरा-वीस अंशांपेक्षा जास्त वर उचलला, की हवा पंखाच्या पाठीवरून सुटते आणि उत्थापक बल एकदम ढासळते. चौकोनी पडद्याच्या कडांवरचे भोवरेच हवेला पाठीशी धरून ठेवतात, म्हणून तो चाळीस अंशांपर्यंत उचलला तरी काम देतो. जे भोवरे वाटेत रोध वाढवतात, तेच येथे उपयोगी पडतात.

याचा उपयोग उतरताना होतो. खार सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने बुंध्याकडे येते असे धरू. वस्तुमान १.६ कि.ग्रॅ. धरले, तर तिची गतिज ऊर्जा ½ × १.६ × १०० म्हणजे ८० ज्यूल झाली. ही पाच मीटर उंचीवरून खाली पडण्याइतकी आहे. एवढ्या जोराने झाडावर आपटली तर हाडे शाबूत राहायची नाहीत. पण झाड जवळ येताच ती शरीर वर उचलते, पडदा हवेच्या वाटेत आडवा धरते आणि किंचित वर झेपावते. काही वेग हवा खाते, काही उंचीत जमा होतो. वेग निम्मा झाला की गतिज ऊर्जा चौथा हिस्सा, २० ज्यूल, उरते. तेवढी चारही पायांवर झेलता येते. बगळाही उतरताना पंख असेच उभे धरतो आणि पाय खाली सोडतो. पण सरळ उभ्या बुंध्याला येऊन चिकटणे त्याला जमणार नाही.

जमाखर्च

आता मुख्य हिशेब. दोघांचेही वस्तुमान १.६ कि.ग्रॅ. घेऊ. वजन झाले सुमारे १५.७ न्यूटन.

खार २० मीटर खाली येते तेव्हा ती १५.७ × २०, म्हणजे सुमारे ३१४ ज्यूल स्थितिज ऊर्जा खर्च करते. तिरपा मार्ग सुमारे ४५ मीटर लांब. सेकंदाला १० मीटर वेगाने त्याला साडेचार सेकंद लागतात. भागाकार करा: सेकंदाला ७० ज्यूल, म्हणजे ७० वॅट. हवा एवढ्या वेगाने तिची ऊर्जा खात असते.

बगळ्याचे तरंगगुणोत्तर ८ धरल्यामुळे रोध हा वजनाचा साधारण आठवा हिस्सा, म्हणजे सुमारे २ न्यूटन. त्याच वेगाने जाताना त्याला सेकंदाला २ × १० = २० ज्यूल, म्हणजे २० वॅट पुरवावे लागतात. (पंख मारण्यातला जादा खर्च येथे सोडून दिला आहे.) सेकंदाला दोन-अडीच वेळा संथपणे पंख मारून छातीचे स्नायू एवढी शक्ती पुरवू शकतात.

खारीने सरळ रेषेत उडायचे ठरवले, तर तिला सतत ७० वॅट पुरवावे लागतील. हा आकडा केवढा आहे? ४० किलो वजनाचा मुलगा सेकंदाला एक याप्रमाणे जिन्याच्या पायऱ्या चढत राहिला, तर तो सुमारे ७० वॅट देतो आणि लवकरच धापा टाकू लागतो. त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढ्या प्राण्याने हे करायचे! उडत्या खारी आणखी काही लाख वर्षांनी पक्ष्यासारख्या उडू लागतील, असे विद्यार्थी कधी कधी विचारतात. या हिशेबाने तरी असा पडदा फडफडवून काही साधणार नाही.

मग खार तोट्यात आहे का? अजिबात नाही. ती ही शक्ती हळूहळू, आधीच जमा करून ठेवते. वीस मीटर झाड चढायला लागणारे ३१४ ज्यूल ती सावकाश, चार-पाच मिनिटे घेऊनही साठवू शकते आणि साडेचार सेकंदांत खर्च करते. स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर चढण्यासाठी अन्नातून सुमारे १२५६ ज्यूल लागतील. शेंगदाण्याच्या अर्ध्या ग्रॅमच्या एका दाण्यात सुमारे १२ हजार ज्यूल असतात. म्हणजे एका दाण्यात नऊ वेळा झाड चढून होईल. (आपली खार शेंगदाण्यांवर जगत नाही, तिचा आहार फळे, कोवळी पाने, साली असा असतो. दाणा घेतला तो तुमच्या ओळखीचा म्हणून.)

आणखी एक गोष्ट. एका झाडावरून दुसऱ्यावर जायचे तर जमिनीवरून चालणाऱ्या प्राण्यालाही पहिले झाड उतरावे लागते आणि दुसरे चढावे लागते. त्याचीही वीस मीटर उंची वायाच जाते. खार त्याच गमावलेल्या उंचीतून चाळीस मीटर अंतर वसूल करून घेते, तेही बिबट्याच्या वाटेवर पाऊल न टाकता.

बगळ्याचा व्यवहार रोखीचा आहे. १० किलोमीटर जायला त्याला हजार सेकंद लागतील. २० वॅटने २० हजार ज्यूल कार्य, आणि २५ टक्के कार्यक्षमतेने अन्नातून ८० हजार ज्यूल. वीसएक ग्रॅमची एक मासळी मिळाली की हा खर्च भागला. वाटेत एकही झाड नसले तरी त्याचे काही अडत नाही.

करून पाहा

जाड ड्रॉइंग पेपरचे दोन तुकडे कापा: एक १६ × १६ सें.मी., दुसरा ३२ × ८ सें.मी. दोन्हींचे क्षेत्रफळ २५६ चौ. सें.मी. आहे, म्हणून वजनही सारखेच. लांब पट्टीला मध्यावर हलकी घडी घालून दोन्ही टोके किंचित वर उचला. दोन्ही तुकड्यांच्या पुढच्या काठाच्या मध्यावर कागदाची टाचणी (क्लिप) लावा. तुकडा बोटावर तोलून धरला असता तोल पुढच्या काठापासून पाव ते एक-तृतीयांश रुंदीवर आला पाहिजे. टाचण्या कमीजास्त करून तो साधा. मागचा काठ अगदी थोडा वर वळवा. आता टेबलावर उभे राहून (टेबल डळमळते नाही ना, ते आधी पाहून) दोन्ही तुकडे सारख्या उंचीवरून हळूच पुढे सोडा. पंखा बंद हवा. अंतर भागिले उंची काढा. प्रत्येकी दहा वेळा करून सरासरी घ्या. एकदोनदाच केले तर काहीही उत्तर येईल आणि तुम्ही मला पत्र लिहाल! नीट तोललेली लांब पट्टी चौकोनापेक्षा दूर जाते. नंतर चौकोनाचा मागचा काठ हळूहळू जास्त वर वळवत जा आणि तो संथपणे कसा उतरतो तेही पाहा.

झाडांमधली मोकळी जागा

आतापर्यंतचे गणित वहीतले होते. जंगलातून रस्ता निघतो तेव्हा ते खारीच्या जिवावर येते.

घाटातल्या जंगलात झाडे २० मीटर उंच आहेत, असे समजा. खार शेंड्याच्या थोडे खालून, १८ मीटरवरून निघाली. वेग घेण्यासाठी पहिल्या सुरात ३ मीटर गेले. त्यातून फारसे अंतर मिळत नाही. पलीकडच्या बुंध्यावर निदान २ मीटर उंचीवर तरी तिला पोहोचले पाहिजे. कामाची उंची उरली १३ मीटर. गुणोत्तर २, म्हणून अंतर २६ मीटर. दुपदरी जुना रस्ता, ज्यावर दोन्हीकडची झाडे झुकलेली आहेत, तो ती डोळे मिटून ओलांडेल. पण चौपदरी रस्त्यासाठी ४५ मीटर रुंदीची पट्टी साफ केली, तर तिच्या दृष्टीने जंगलाचे दोन तुकडे झाले. ती जमिनीवर उतरून पळू शकत नाही असे नाही. परंतु पडदा सांभाळत ती जमिनीवर बेढबपणे चालते, आणि समोर मालमोटारी असतात. बगळ्याला याच रस्त्याची दखलही घ्यावी लागत नाही.

मोठमोठी झाडे तोडून त्यांच्या जागी रोपे लावली, की संख्या भरून निघते, असे आपण मानतो. खारीच्या हिशेबात झाडांची संख्या मागाहून येते. आधी उंची येते. पाच मीटरच्या रोपावरून सूर मारला, तर सूर आणि उतरण्याची जागा वजा जाता हाती शून्य उरते. झाडे अर्धी झाली म्हणून झेप अर्धी होत नाही, ती त्याहून कमी होते. १० मीटर उंच झाडासाठी, ८ मीटरवरून निघाली असे धरून, हे गणित करून पाहा.

यावर एक उपाय अमेरिकेत करून पाहिला गेला आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील चेरोहाला स्कायवे या डोंगरी रस्त्याने तेथील उडत्या खारींचे जंगल दुभंगले होते. २००८ साली रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच लाकडी खांब उभे करण्यात आले, आणि खारी त्या खांबांवर चढून रस्ता ओलांडू लागल्याचे आढळून आले. ऑस्ट्रेलियात ह्यूम महामार्गावरही असे खांब आहेत. तेथे त्यांचा उपयोग करणारे प्राणी मात्र खारी नसून पोटाला पिशवी असलेल्या, कांगारूच्या दूरच्या नात्यातल्या तरंगणाऱ्या प्राण्यांपैकी आहेत.

आपल्या ४५ मीटरच्या पट्टीत, दुभाजकावर, बरोबर मध्ये एक खांब उभा करायचा आहे. प्रत्येक बाजूला अंतर २२.५ मीटर राहील, म्हणजे कामाची उंची ११.२५ मीटर हवी. त्यात सुराचे ३ आणि उतरण्याचे २ मीटर मिळवले, तर खांब सव्वासोळा मीटर उंच झाला. येथवर सोपे आहे. पण झाडावरून निघालेली खार खांबावर पोहोचते तेव्हा ती फक्त पावणेचार मीटर उंचीवर असते, आणि मालमोटार साधारण चार मीटर उंच असते. तेव्हा खांब मध्ये एकच असावा की रस्त्याच्या दोन्ही कडांना एकेक, आणि ते किती उंच असावेत, हे आलेख कागदावर १ सें.मी. बरोबर ३ मीटर हे प्रमाण घेऊन, झेपेच्या रेषा आणि मालमोटारी दोन्ही काढून ठरवा.